कोंड्यातलं अ‍ॅसिड आणि हिराची आय

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात कोंबड्यांना कोंडा टाकत होते. "बाई, तुम्ही इतकी वर्षं क्रीम-सिरमच्या कारखान्यात काढलीत. चेहऱ्याचं काहीतरी गुपित सांगा की. बायका आवडीने वाचतील." मी म्हटलं, "गुपित असतं तर माझा चेहरा असा असता का?" ते हसले, पण पिच्छा सोडेनात. शेवटी कबूल केलं. मात्र फोन ठेवल्यावर हातातल्या सुपाकडे लक्ष गेलं आणि माझं मलाच हसू आलं. गुपित म्हणाल तर ते सुपातच होतं आणि कोंबड्या ते मटामटा खात होत्या.

मी मर्सी. राहणार भुईगाव. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात केमिस्ट म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. आमचं स्वतःचं नाव बाजारात कुठेच नव्हतं. माल आम्ही बनवायचा, बाटलीवर नाव दुसऱ्याचं. मोठमोठ्या दुकानांत काचेच्या कपाटात दिवे लावून मांडलेली सिरमं आमच्या पत्र्याच्या छपराखाली तयार झाली आहेत, हे मी एकदा भाचीला दुकानात सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, हळू बोल."

त्यातलं सर्वांत जास्त चाललेलं सिरम फेरूलिक अ‍ॅसिडचं. अ‍ॅसिड म्हटलं की लोक दचकतात, चेहरा जळेल म्हणतात. अहो, चिंचेत अ‍ॅसिड आहे, लिंबात आहे. हे आहे भाताच्या कोंड्यात. भाताचं तूस काढलं की आतल्या तांदळावर जो तपकिरी पापुद्रा असतो, तो गिरणीत घासून काढतात. तोच कोंडा. त्यात हे अ‍ॅसिड असतं. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना, तसं ऊन आणि हवा कातडीचंही करत असतात. फेरूलिक ते थोडं थोपवतं. कसं थोपवतं? तर तो मारा आधी स्वतःवर घेतं. म्हणून बाटली उन्हात राहिली की आतलं सिरम तपकिरी होतं. तसं झालं की समजायचं, त्याने आपलं काम बाटलीतच उरकलं, चेहऱ्यासाठी आता काही शिल्लक नाही.

आमच्या शेठना एकदा हुक्की आली की पावडर बाहेरून डब्यांतून का आणायची, आजूबाजूला एवढ्या भातगिरण्या आहेत, आपणच काढू. मी म्हटलं, शेठ, कोंडा दमट हवेत टिकत नाही, त्यात तेल असतं, लगेच खवट होतो. पण शेठ ते शेठ. ऐन पावसाळ्यात कोंड्याची पोती येऊन पडली. थोड्याच दिवसांत असा वास सुटला की शेजारच्या गाळ्यातले नटबोल्ट बनवणारे लोक तोंडाला रुमाल बांधून भांडायला आले. तरीही आम्ही नेटाने तेल काढलं, कोंडा कॉस्टिक सोड्यात शिजवला, गाळला, गाळलेल्या पाण्यात आम्ल ओतलं आणि तळाशी बसलेली पावडर खरवडली. निघाली चमचाभर. तीही धड शुद्ध नव्हती. शेठनी ती काचेच्या डबीत घालून लक्ष्मीच्या तसबिरीपुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बाहेरून डबे मागवले.

त्या खटाटोपातून एक गोष्ट मात्र उरली. माझ्या टेबलावर कोंड्याची एक बरणी कायमची आली. कुणी गिऱ्हाईक आलं की मी झाकण काढून दाखवायची, "हे बघा, तुमच्या बाटलीतलं यातून येतं." दर आठवड्याला आमच्या गावच्या वाटेवरच्या गिरणीतून मी ताजा कोंडा आणून त्यात भरत असे. गिरणीवाला म्हणायचा, "बाई, तुमच्या कोंबड्या ऑफिसात जातात काय?"

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मुंबईची एक तरुण मुलगी स्वतःची कंपनी काढून आली होती. तिला सिरम दुधासारखं पांढरंशुभ्र हवं होतं. मी म्हटलं, ते फिकट मधाच्या रंगाचंच असतं. ती म्हणाली, "मॅम, लोक ब्राऊन चेहऱ्याला लावायला घाबरतात." मी माझा सावळा हात पुढे केला आणि म्हटलं, मग आम्ही काय करायचं? बिचारी ओशाळली. पुढे आमची चांगली गट्टी जमली. पण तिच्या लेबलवरचा 'गोरेपण' हा शब्द खोडायला मला तीन बैठका लागल्या. सगळ्याच वेळी मी जिंकले असं नाही. बरीच लेबलं तो शब्द घेऊनच दाराबाहेर गेली. त्याचं वाईट अजूनही वाटतं, कारण त्या बाटल्या कुठल्या घरात, कुठल्या मुलीच्या हातात पडल्या असतील, ते मला ठाऊक आहे.

माझी स्वतःची एक रीत होती. सिरमचा नवा घाणा तयार झाला की त्याचा थेंब डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा, वर पट्टी चिकटवायची आणि दिवसभर तसंच फिरायचं. बाकीच्या सगळ्या तपासण्या व्हायच्याच, पण माझ्या हाताने होकार दिल्याशिवाय माल हलत नसे. नियमात असं कुठे नव्हतं. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत शांतीचा हात देताना शेजारच्या बायका पट्टीकडे बघून विचारायच्या, "पुन्हा रक्त काढलं काय गो?"

हिराची ओळख या पट्टीमुळेच झाली.

हिरा अर्नाळ्याची. पन्नाशीच्या आतबाहेरची. आठवड्यातून दोनदा पहिल्या पाळीच्या सुटण्याच्या वेळी ती आमच्या वसाहतीच्या फाटकाशी बसायची. एका बाजूला थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ताजी मासळी, दुसऱ्या बाजूला टोपलीत सुके बोंबील आणि सुकट. पॅकिंगच्या मुली घरी जाता जाता तिच्याभोवती गराडा घालत. ती कुणालाच अहो-जाहो करत नसे. शेठनाही "तू पापलेट नेतो का?" असंच विचारी, आणि शेठ शाकाहारी असूनही खूश होत.

एकदा सुटे पैसे घेताना तिने माझा हात धरला. "बाय, हाताला काय लागलाय तुज्या?"

मी सांगितलं, तोंडाला लावायचं औषध आहे, आधी माझ्या हातावर बघते. तिने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुली पांगेपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "याने गालाचा वांग जाल का?"

तिच्या दोन्ही गालांवर वांग होतं. गडद तपकिरी, नाकाच्या दांड्यावरून पार या गालापासून त्या गालापर्यंत. बोंबील वाळत घालायला वर्षानुवर्षं भर उन्हात वाळूवर उभं राहणाऱ्या बायकांना ते होतंच. मी म्हटलं, "आजवर काही वाटलं नाही, आता कशाला?"

"माज्यासाठी नको. आयसाठी हवा."

तिची आय तिच्याजवळच राहायची. वय झालेलं, आणि विसरण्याचा आजार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढतच जाणार. सुरुवातीला ती जेवल्याचं विसरायची, मग घर विसरली, आता हिरालाच विसरली. हिरा तिला न्हाऊ घाली, भरवी, रात्री तिच्या कुशीशी निजे. आणि आय तिला विचारी, "बाय, तू कोनाची? माजी हिरा कदी येल?" भिंतीवर हिराच्या लग्नातला फोटो होता. नितळ गालांची, केसांत अबोली माळलेली. आय त्या फोटोवरून हात फिरवी आणि म्हणे, ही माजी हिरा.

"फोटोतली ओळखते," हिरा म्हणाली, "माला नाय ओळखत. म्हंजे तोंडाचाच फरक ना? वांग गेला तर ओळखेल."

इतका सरळ हिशेब होता तिचा. हो म्हणणं सोपं होतं. पण खोटं बोलायचं नाही, एवढं तरी नोकरीने शिकवलं होतं. मी म्हटलं, "हिरा, वांग थोडं फिकं होईल. जाईलच असं नाही. उन्हात उभी राहशील तर परत येईल. चामडीच्या डॉक्टरलाही दाखव. आणि आईचं म्हणशील तर तो आजार तुझ्या गालावर नाही, तिच्या डोक्यात आहे. माझ्या बाटलीचा हात तिथवर पोचत नाही."

"पोचल नायतर नाय पोचल," ती म्हणाली. "तू दे."

मी आधी तिच्या हाताला थेंब लावून पट्टी चिकटवली. फाटकावरच्या मुली हसल्या, की आता मासळीवालीसुद्धा आमच्या खात्यात आली. पुढच्या फेरीला तिच्या हातावर काही उठलं नव्हतं, तेव्हा बाटली दिली. सकाळी दोन थेंब, वर उन्हाचं क्रीम, तोंडावर ओढणी, हे सगळं समजावलं. "आणि बाटली थंड जागी, अंधारात ठेव."

त्याच सुमाराला हिराची बाटली ज्या घाण्यातली होती, त्याच घाण्याच्या बाटल्या परत यायला लागल्या. मोठ्या दुकानाने त्या दिव्यांखाली मांडल्या होत्या. सगळ्या चहासारख्या तपकिरी. शेठ हवालदिल, मी बाटल्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेली. मला वाटलं, हिराचीही अशीच झाली असणार. ती आली तेव्हा विचारलं, "बाटली कुठे ठेवतेस?"

तिने पेटीचं झाकण उघडलं. पापलेटांच्या खाली, बर्फात हात घातला आणि बाटली काढली. "तूच बोल्ली ना, थंड आनि अंदारात."

सिरम फिकट मधाच्या रंगाचं होतं. अगदी पहिल्या दिवसासारखं. बाटलीला मात्र असा काही वास होता की सांगायची सोय नाही. ती सकाळी तोंडाला सिरम लावायची आणि मग बाटली मासळीबरोबर टमटममधून अर्नाळ्याहून वसईपर्यंत फिरवून परत न्यायची. शेठ इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "मर्सीबेन, आता लेबलवर छापा, पापलेटखाली ठेवावे." कितीतरी दिवसांनी गाळ्यात सगळे एकत्र हसलो. हिराही हसली, मग बाटली उजेडात धरून बघत राहिली.

कारण बाटली अर्ध्याच्या खाली आली होती. वांगाच्या कडा जरा मऊ झाल्या होत्या, एवढंच. आय अजून विचारत होती, बाय, तू कोनाची?

त्या दिवशी मी तिला आत टेबलाशी बसवलं, चहा मागवला. तिचा हात सहज बरणीकडे गेला. "यो कोंडा इथं कशाला?"

मी म्हटलं, बाटलीतलं अ‍ॅसिड यातूनच निघतं. तिचा विश्वास बसेना. झाकण काढून तिने नाक खाली नेलं आणि तशीच राहिली. "आयचा वास हाय," म्हणाली.

मग तिने सांगितलं. लहानपणी आय सुकट घेऊन आमच्या बाजूच्या गावांत यायची. सुकटीच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून तांदूळ न्यायची, वर मूठभर कोंडा मागून घ्यायची. तो कोंडा हातांना. मासळीचा वास साबणाने जात नसे, ओल्या कोंड्याने घासला की जायचा. आणि शाळेत जायच्या आधी आय मुलींना ओळीने उभं करायची, हात घासायची, मग हनुवटी धरून तोंड घासायची. शाळेत कुणी नाकाला पदर लावू नये म्हणून. "कातडी सोलून निघायची बाय. पन वास नाय राहायचा."

मी खरंच सांगते, डोक्यात कुठलाही उपाय आला नव्हता. एवढंच वाटलं की माझ्याकडे तिला द्यायला आता दुसरं काही नाही. मी बरणी तिच्या पिशवीत पालथी केली. म्हटलं, "आईच्या हातात दे. हाताला काहीतरी काम होईल. पण लवकर वापर, हा बर्फात ठेवलास तरी टिकायचा नाही." तिने पिशवीला गाठ मारली आणि टोपली उचलून गेली.

पुढच्या फेरीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पॅकिंगच्या मुली दुसऱ्या कोळणीकडून बोंबील घेऊ लागल्या. मला रुखरुख लागली. म्हातारीचं काही बरंवाईट तर झालं नाही? देवळात मेणबत्ती लावताना मी हिराच्या आयचं नाव घ्यायला गेले, तर लक्षात आलं की नाव मला माहीतच नाही. 'हिराची आय' म्हणूनच लावली.

आणि मग एका दुपारी फाटकाशी तिची हाक ऐकू आली. मी एप्रनवरच बाहेर धावले. तोंडावर ओढणी नव्हती. वांग होतं तिथेच होतं, उलट थोडं वाढलेलं. आय तापाने आजारी होती, आता बरी होती.

"बस," ती म्हणाली. मी फाटकाच्या कट्ट्यावर तिच्या शेजारी बसले. पेटी उघडायच्या आधीच तिने सांगायला सुरुवात केली.

"ताप उतरला तवा तिला वाटीत कोंडा दिला. पानी दिला. काय करायचा ते नाय सांगितला. तिने पयला कोंडा भिजवला. मग आपले हात घासले, अशे, बोटांच्या मधी. मी समोर बसलेली. मग तिने माजी हनुवटी धरली."

हिराने स्वतःची हनुवटी धरून दाखवली.

"म्हनाली, डोले मीट, कोंडा जाल डोल्यात."

मला पुढे विचारायचा धीर होत नव्हता, पण विचारलं. "नाव घेतलं तुझं?"

"नाय."

वसाहतीतून एक टेम्पो धूळ उडवत गेला. हिराने पेटीवर पदर धरला, धूळ बसेपर्यंत थांबली आणि माझ्याकडे वळली. "पन बाय, परक्या बाईचा तोंड कोन धुतो?"

आयुष्यभर चेहऱ्यांसाठी काम केलं. कातडीवर काय किती मुरतं, किती टिकतं, हे मोजून सांगत आले. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तिच्यासारखंच येत होतं, आणि ते तिने आधीच दिलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी रडलो, अगदी फाटकावर, मुलींच्या देखत.

"आता रोज धुते," हिरा पुढे म्हणाली. "सकाली विचारते, माजी हिरा कदी येल. मी बोलते, येल. मग वाटी देते. तोंड धुऊन झाला की परत विचारते, तू कोनाची." तिने डोळे पुसले आणि हसली. "म्हनून मी काय करते, डोले उघडतच नाय. लई वेल बसते मिटून. तिला वाटते कोंडा गेलाय डोल्यात. फुंकर मारत बसते."

त्या दिवशी तिने उरलेली बाटली मला परत दिली. मी नको म्हणाले, तर म्हणाली, "तुला वापर. तुजा तोंड बघ." मग पेटीतलं चांगलं पापलेट काढून माझ्या पिशवीत टाकलं आणि पैसे घेतले नाहीत.

निवृत्तीच्या समारंभात शेठनी भाषण केलं, शाल दिली, आणि ती लक्ष्मीपुढची चमचाभर पावडरीची डबीही दिली. पावडर एव्हाना पार तपकिरी झाली आहे. ती मी कपाटात ठेवली आहे. बरणी मात्र घरी आणली. अजूनही दर आठवड्याला गिरणीवर जाते आणि दोन पिशव्या कोंडा घेते. एक कोंबड्यांना. दुसरी घेऊन आगाशीवरून अर्नाळ्याची बस पकडते, कारण कोंडा टिकत नाही आणि तिथे तो ताजाच लागतो.

परवा गेले तेव्हा दार अर्धवट उघडंच होतं. हाक मारणार होते, पण थांबले. ओटीवर हिरा मांडी घालून बसली होती, डोळे गच्च मिटून, तोंडाला ओला कोंडा. समोर आय. तिने एका हाताने लेकीची हनुवटी धरली होती आणि तोंड अगदी जवळ नेऊन ती डोळ्यांवर फुंकर घालत होती. मी पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि आवाज न करता तिथेच बाहेर बसून राहिले.